लष्करच्या भाकऱ्या भाजणारे क्रिकेट-लेखक

नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर कश्यप बकले आणि स्नेहल कवठणकर या गोव्याच्या दोघा फलंदाजांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ६०६ धावांची अभेद्य भागी केली. बकले ३०० वर नाबाद राहिले, कवठणकर ३१४ वर. रणजी करंडकाच्या इतिहासात कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागी तोवर झाली नव्हती. २०१६ साली महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे व अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध रचलेल्या ५९४ धावा मागे पडल्या. साऱ्या प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये संगकारा आणि जयवर्धने यांची २००६ मधील ६२४ धावांची भागी तेवढी पुढे उरली. गोमंतकाने या पराक्रमाचा आनंद मानला, तो रास्तच होय. परंतु ही भागी सर्वांत मोठी आहे, हे आपणांस समजले कसे? १९३४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेतील हजारो डावांचा जमाखर्च कोणी जपून ठेवला, कोणी ताडून पाहिला, कोणी त्यातील चुका काढल्या, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज आम्ही लिहीत आहोत ते त्या मंडळींविषयी.

हे सारे काम क्रिकेट मंडळांच्या कचेऱ्यांनी केले, असा कोणाचा समज असेल तर तो खरा नव्हे. इंग्लंडमधील आर्थर हेगार्थ या गृहस्थांनी हॅरो येथे विद्यार्थी असतानाच जुने धावफलक गोळा करण्याचा छंद लावून घेतला आणि तो आयुष्यभर सोडला नाही. अठराव्या शतकापासूनचे सामने व खेळाडूंची चरित्रे यांचा त्यांनी जमविलेला संग्रह १८६२ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागला. आज त्या काळाविषयी जो कोणी लिहितो, तो हेगार्थ यांचे ऋण घेऊनच लिहितो. पुढे १९७३ साली इंग्लंडमधील अशा छांदिष्टांनी एकत्र येऊन क्रिकेट-आकडेतज्ज्ञांची स्वतःची संघटना स्थापन केली आणि विखुरलेल्या व्यासंगाला शिस्त आणली.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईचे वसंत रायजी हे व्यवसायाने हिशेबतपासनीस. मुंबई आणि बडोद्याकडून ते मोजके प्रथम श्रेणी सामने खेळले; परंतु त्यांची खरी कामगिरी लेखणीची. रणजितसिंहजी, सी. के. नायडू आदी जुन्या खेळाडूंवर त्यांनी पुस्तके लिहिली आणि वयाची शंभरी पूर्ण करून २०२० साली ते निवर्तले. आनंदजी डोसा यांनी आकडेवारीच्या व्यासंगात अशीच हयात घालविली. अशा माणसांमुळेच भाऊसाहेब निंबाळकरांसारख्या खेळाडूला न्याय मिळाला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात त्यांच्या नाबाद ४४३ धावा झालेल्या असताना प्रतिस्पर्धी काठेवाड संघाने सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांनी दूर राहिला. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच लाभला नाही. चोख नोंद हेच त्यांचे स्मारक होय.

इंग्रजी क्रिकेटमध्ये हौशी खेळाडूचा मान मोठा असे. धंदेवाईक खेळाडू आणि हौशी सद्गृहस्थ यांची ड्रेसिंग रूम वेगळी, फलकावरील नावे लिहिण्याची पद्धतही वेगळी. हा भेद १९६२ साली अधिकृतपणे मोडीत निघाला. लेखनाच्या प्रांतात मात्र उलटाच न्याय चालला. वृत्तपत्राचा ओळखपत्रधारी तो लेखक, आणि पदरमोड करून लिहिणारा तो रिकामटेकडा, अशी समजूत दृढ झाली. गोमंतकाला तरी ही समजूत शोभत नाही. देवळाच्या जत्रेत रात्र जागवून नाटक उभे करणारे आपले कलावंत हौशीच असतात. कला अकादमीने त्यांच्यासाठी स्पर्धा भरविल्या, परीक्षक नेमले, पारितोषिके दिली. हौस म्हणजे कच्चेपणा नव्हे, हे आपण रंगभूमीच्या बाबतीत केव्हाच मान्य केलेले आहे.

क्रिकेट-लेखनातही आता ही जाणीव येऊ लागली आहे. १९९३ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग यांनी सुरू केलेला क्रिकइन्फोचा उपक्रम प्रारंभी मायदेशाच्या धावसंख्येसाठी आसुसलेल्या विद्यार्थ्यांनी व स्वयंसेवकांनी विनामूल्य चालविला; पुढे विस्डेनसारख्या प्रतिष्ठित संस्थेने तो आपलासा केला. २००९ साली लंडनमध्ये डॅनियल नॉरक्रॉस आणि त्यांच्या मित्रांनी दूरचित्रवाणीसमोर सोफ्यावर बसून स्वतःचे समालोचन ऐकविण्यास आरंभ केला. तेच नॉरक्रॉस पुढे बीबीसीच्या समालोचन-कक्षात जाऊन बसले. ऑस्ट्रेलियाचे जॅरड किम्बर हेही स्वतःच्या हौसेने लिहिता लिहिता नावारूपास आले. त्यांनी सॅम कॉलिन्स यांच्यासमवेत केलेल्या २०१५ च्या माहितीपटाने तर जागतिक क्रिकेटची सत्ता आणि पैसा तीन मंडळांच्या हाती कसा एकवटला, हा अडचणीचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. केरळचे स्थापत्य अभियंता व्ही. जयदेवन यांनी पावसाने खंडित झालेल्या सामन्यांसाठी बसविलेली गणिती पद्धत आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१२ साली स्वीकारली नाही. तरी भारतीय मंडळाने देशांतर्गत सामन्यांत तिचा उपयोग केला.

ही मान्यता स्वागतार्ह आहे. तथापि तिच्याबरोबर येणारे दोन धोके नजरेआड करून चालणार नाहीत. पहिला धोका फुकटेपणाचा. हौशी माणसाने वर्षानुवर्षे जमविलेले आकडे उचलावयाचे आणि त्याचे नावही घ्यावयाचे नाही, हा व्यवहार सभ्यतेचा नव्हे. घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचे कौतुक जरूर करावे, पण लष्कराने निदान पिठाचे दाम द्यावेत! दुसरा धोका मिंधेपणाचा. ज्याला कोणाकडून काही मिळवावयाचे नसते, त्याची जीभ मोकळी असते. मंडळांचे निमंत्रण आणि खेळाडूंची सलगी लाभली की ती जड होऊ लागते. मान्यता मिळावी, पण ती स्वातंत्र्य गहाण टाकून नव्हे, एवढे भान या लेखकांनी स्वतःच राखले पाहिजे. त्याचबरोबर नोंद पारखून घेण्याची हेगार्थ-डोसांची शिस्तही त्यांनी अंगी बाणविली पाहिजे. नाही तर हौस आणि हूल यांत अंतर उरणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. गोवा १९८५-८६ च्या हंगामात रणजी स्पर्धेत उतरला, म्हणजे या गोष्टीला तीन तपांहून अधिक काळ लोटला आहे. रणजीचे सामने तरी अधिकृत दफ्तरात जातात. परंतु सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या मैदानांवर, कापणी झालेल्या शेतांत, मॅटिंगवर आणि टेनिसच्या चेंडूवर जे क्रिकेट रंगते, त्याची वही कोणाच्या घरी असते? सामना संपला की ती एखाद्या फळीवर पडते आणि दोन पावसाळ्यांत वाळवीच्या स्वाधीन होते. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कसोटींत ६४२ धावा काढल्या, हे जगाला ठाऊक आहे. पण त्यांच्या मागून याच मातीत खेळलेल्या शेकडो गुणी खेळाडूंची नावे आज त्यांच्या गावाबाहेर कोणी सांगू शकेल काय?

यावर उपाय फार खर्चाचा नाही. गोवा क्रिकेट संघटनेने क्लबांच्या जुन्या धाववह्या मागवून त्यांच्या प्रती करवून घ्याव्यात. तालुक्यांच्या ग्रंथालयांनी त्यांना एक कपाट द्यावे. सामना पाहावयास येणाऱ्या अभ्यासू तरुणाला पत्रकार-कक्षात एक खुर्ची मिळावी, आणि त्याचा मजकूर छापणाऱ्या वृत्तपत्रांनी, आम्ही धरून, त्याचे नाव व मानधन द्यावे. पर्वरीची ६०६ धावांची भागी एका दिवसात विस्मृतीत गेली नाही, कारण तिची तुलना करावयास नव्वद वर्षांचे लेखन हाताशी होते. गावच्या मैदानावरील उद्याच्या पराक्रमालाही तो आधार मिळावा, असे वाटत असेल तर वही आजच उघडली पाहिजे.