डर्टी काऊ: एका दुरुस्तीची सतरा वर्षं

२०१६ साली फिल ऑस्टर यांच्या एका सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं. सर्व्हरवर येणारी एचटीटीपीची सगळी रहदारी साठवून ठेवायची, ही ऑस्टर यांची शिस्त. त्या साठ्यात त्यांना घुसखोरानं चढवलेला प्रोग्रॅमच सापडला. तो तपासल्यावर कळलं, की लिनक्स कर्नलमधल्या एका फटीतून कुठलाही साधा वापरकर्ता थेट रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊ शकतो, आणि ही फट किमान २००७ मधल्या २.६.२२ या आवृत्तीपासून उघडी आहे. म्हणजे ती बुजवणाऱ्यांच्या आधी हल्लेखोरांना माहीत होती. डर्टी काऊ या नावानं ती गाजली. अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५.

पॅच किती लवकर आला, एवढ्यावरच कर्नलच्या सुरक्षिततेचं मोजमाप करणाऱ्यांनी या बगचा २००५ ते २०२२ हा सगळा काळ एकदा नजरेखालून घालावा, असं मला मनापासून वाटतं.

मुळात घडत काय होतं? समजा, एखादी फाइल तुम्हाला फक्त वाचता येते. ती प्रोग्रॅमच्या मेमरीत खासगी म्हणून मॅप केलीत आणि तिच्यात लिहायला गेलात, तर कर्नल मेमरीच्या त्या तुकड्याची, म्हणजे पानाची, वेगळी प्रत काढून देतो. मूळ पानाला धक्का लागत नाही. हेच कॉपी-ऑन-राइट, म्हणजे नावातलं 'काऊ'. डर्टी काऊच्या हल्ल्यात दोन थ्रेड एकाच वेळी पळत. एक त्या पानावर लिहीत राहायचा, दुसरा कर्नलला 'ही प्रत आता नको' असं सांगत राहायचा. प्रत काढून झाली की कर्नल 'लिहायचं आहे' ही खूण उतरवून ठेवायचा, कारण आता हाती प्रतच येणार असं त्यानं गृहीत धरलेलं. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडनं प्रत फेकून दिली, की कर्नल पान पुन्हा शोधायला जायचा, खूण नसल्यामुळे मूळ पान उचलायचा आणि त्यावरच लिहून मोकळा व्हायचा. कारकुनानं खाडाखोडीसाठी झेरॉक्स द्यावी, ती कुणी लंपास करावी आणि त्यानं कपाटातलं मूळ रजिस्टर पुढे सरकवावं, तसा हा प्रकार. रूटच्या मालकीची पासवर्डची फाइलसुद्धा अशी बदलता येत होती.

२०१६ च्या पॅचसोबत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जे टिपण लिहिलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं कागदपत्र वाटतं. ही फट आपणच अकरा वर्षांपूर्वी बुजवायला गेलो होतो, तेही धड जमलं नव्हतं, आणि आयबीएमच्या एस३९० यंत्रांवर अडचण आल्यामुळे तो बदल नंतर मागे घेतला गेला, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता नोंदवलं. २००५ मध्ये दोन थ्रेडमधली ही शर्यत निव्वळ तात्त्विक वाटत होती. पुढे कर्नलचं मेमरी व्यवस्थापन सुधारत गेलं, आणि त्या सुधारणांमुळेच ती प्रत्यक्षात जिंकणं सोपं झालं.

२०१६ चा पॅच मोजक्या ओळींचा होता. 'लिहायचं आहे' ही खूण उतरवायचीच नाही. प्रत झाली हे लक्षात ठेवायला 'फोल काऊ' नावाची वेगळी खूण लावायची, आणि पानावर 'डर्टी' बिट, म्हणजे पानात बदल झाल्याची खूण, दिसलं तरच ती प्रत खरी धरायची. १९ ऑक्टोबरला सगळं जाहीर झालं आणि थोड्याच दिवसांत मोठ्या डिस्ट्रिब्युशन्सचे अपडेट आले.

पण या पॅचमध्येही एक गृहीतक होतं: डर्टी बिट आहे म्हणजे प्रत झालेलीच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बाइंडेसी या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की मोठ्या आकाराच्या, म्हणजे ह्यूज पेजेसच्या बाबतीत नुसतं वाचतानाही ते बिट लागू शकतं. तो धोका पहिल्याइतका मोठा नव्हता, तरी नवा सीव्हीई आणि नवा पॅच आलाच. पुढे ५.१६ मध्ये शेअर्ड मेमरीच्या कोडमध्ये कुणीतरी वेगळ्याच कारणासाठी बदल केला, त्यात ते बिट सरसकट लागू लागलं, आणि मेमरीतच राहणाऱ्या टीएमपीएफएसवरच्या फायलींपुरती जुनी फट पुन्हा उघडली. ऑगस्ट २०२२ मध्ये रेड हॅटच्या डेव्हिड हिल्डनब्रँड यांनी ती बंद केली. नवी ठिगळं न लावता त्यांनी 'फोल काऊ' ही खूणच कर्नलमधून काढून टाकली आणि निर्णय पान खरोखर एकाच्याच मालकीचं आहे का यावर बेतला. त्याच वर्षी त्यांनी कॉपी-ऑन-राइटच्या चाचण्यांचा मोठा संचही कर्नलमध्ये आणला. हे काम २०१६ मध्येच व्हायला हवं होतं. डर्टी बिटवर कोण विसंबून आहे हे सांगणारी एखादी चाचणी त्या पॅचसोबत गेली असती, तर शेअर्ड मेमरीत बदल करणाऱ्याला तिनं तिथेच अडवलं असतं.

फोनची गोष्ट वेगळी, आणि आपल्याशी थेट संबंध असलेली. अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्स कर्नलच आहे, आणि त्यासाठीची दुरुस्ती गूगलनं डिसेंबर २०१६ पर्यंत दिली होती. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोनं झेडएनआययू हे मालवेअर उघडकीला आणलं. बाराशेहून अधिक अॅप्समधून पसरलेलं हे मालवेअर याच फटीतून फोन रूट करत होतं. चाळीसहून जास्त देशांत ते आढळलं, आणि त्याच्या बळींमध्ये सर्वाधिक लोक चीन व भारतातले होते. चीनमध्ये ते एसएमएसद्वारे पैसे उकळायचं. इतरत्र फोनमध्ये चोरवाट उघडून ठेवायचं. कर्नलमधली दुरुस्ती तेव्हा जवळजवळ वर्षभर जुनी झाली होती. ती चिप बनवणारा, फोन बनवणारा अशा हातांतून जात शेवटच्या फोनपर्यंत पोहोचलीच नाही. विक्री संपली की अपडेट थांबवणाऱ्या कंपन्यांवर याची जबाबदारी येते, कर्नल लिहिणाऱ्यांवर नाही.

आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी पॅच' किंवा 'सिक्युरिटी अपडेट' या नावाखाली एक तारीख असते. ती आजच पाहा. घरातल्या थोरामोठ्यांच्या फोनवरचीही पाहा. ती दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार बंद करा.