टाकीचा रंग नेमका कुठे दुखावला?

मोटरसायकलच्या टाकीवरचा रंग म्हणजे एकावर एक बसलेले पातळ थर. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग प्रायमर, त्यावर रंग, स्टिकर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यात हे थर भट्टीत भाजून पक्के करतात, तरी सगळे मिळून त्यांची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटरच भरते. त्यामुळे इजा कोणत्या थरापर्यंत गेली, हे ओळखल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात गाडी शेताच्या वाटेने धुळीतून धावते आणि बांधावर उन्हात तासन्‌तास उभी राहते. हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातले अतिनील किरण क्लिअर कोट हळूहळू कमकुवत करतात. वरचा भाग आधी निस्तेज होतो, मग पापुद्रे सुटतात. गुडघे टेकतात तिथे धूळ आणि पँटचे कापड मिळून पॉलिश पेपरचेच काम करतात.

ओरखडा तपासायची सोपी रीत म्हणजे त्यावर ओले बोट फिरवणे. पाण्याने तो दिसेनासा झाला तर इजा क्लिअरपुरतीच आहे. नख अडकत असेल तर ती खोल आहे. आत राखाडी दिसले तर बहुधा प्रायमर उघडा पडला आहे. चकाकता किंवा तांबूस पत्रा दिसला तर वेळ दवडू नये, कारण पावसाळ्यात गंज रंगाच्या कडेखाली शिरत जातो. जुनी गाडी घेताना पातळ कापडात गुंडाळलेला लहान चुंबक टाकीवर फिरवून बघावा. जिथे तो नीट धरत नाही, तिथे रंगाखाली जाड पुट्टी भरलेली असण्याचा संभव मोठा.

झाकणाभोवती रंग मऊ पडून सुरकुतला असेल, तर ते सांडलेल्या पेट्रोलचे काम. हे विशेषतः आधी स्वस्तात रंगवलेल्या टाकीवर दिसते. साधा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, थिनर उडून वाळतो आणि थिनर लागला की पुन्हा विरघळतो. पेट्रोलही त्याला मऊ करते. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या रंगात हार्डनर मिसळलेला असतो. त्याची रासायनिक जोडणी होऊन पक्की फिल्म बनते आणि ती पेट्रोलला सहजी दाद देत नाही. टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर थिनरचा बोळा क्षणभर घासला आणि कापडाला रंग आला, तर जुना रंग एनसी समजावा. तो तसाच ठेवून वर पीयू मारला तर नवे काम फुगून येते. तो पूर्ण खरवडलेला बरा.

सगळ्यात फसवे लक्षण म्हणजे तळाच्या जोडाजवळचे फोड. ते बऱ्याचदा आतून येतात. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते. आत दव धरते आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरलेली गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे वाईटच. फोड टोचल्यावर तांबडी भुकटी निघाली आणि पत्रा ओलसर लागला तर वरून कितीही सुंदर रंग मारला तरी पैसे पाण्यात जातात. आधी टाकी काढून आतला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने घालवावा, धुऊन लगेच कोरडी करावी. भोके पडली असतील तर टाकीच बदलावी. पेट्रोल ओतून दिलेल्या टाकीत वाफ उरते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा अधिक सहज भडकते, म्हणून न धुतलेल्या टाकीला वेल्डिंगची ज्योत कधीही लावू नये.

क्लिअरपुरता ओरखडा दोन हजार नंबरच्या ओल्या पेपरने हलका घासून, कंपाऊंडने पॉलिश केला की भागते. खोल जखमेत मात्र कडा उतरवाव्या लागतात, म्हणजे जुन्या रंगाची पायरी बोटाला न लागेल इतकी घासावी लागते. मग प्रायमर, त्यावर बारीक पेपर, रंगाचे पातळ हात आणि शेवटी क्लिअर. पत्रा उघडा करून रात्रभर ठेवू नये आणि उघड्या पत्र्याला हाताचा घाम लागू देऊ नये.

मराठवाड्याच्या भर उन्हात स्प्रे मारला तर थिनर हवेतच उडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. सकाळची वेळ, सावकाश उडणारा थिनर आणि पाणी मारून धूळ बसवलेली जमीन, या तीन गोष्टींनी काम सुधारते. दमट हवेत एनसी रंगावर पांढुरकी झाक येते; भर पावसाचा दिवस टाळावा. हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, योग्य मास्क लागतोच.

मेटॅलिक रंगात ठिगळ लपत नाही, म्हणून निम्मी टाकी रंगवण्यापेक्षा पूर्ण टाकी रंगवणे शहाणपणाचे. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. मूळ रंगच बदलायचा तर हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात (एमएच-३८) त्याची नोंद करून घ्यावी. नव्या रंगाला पहिला आठवडा कव्हर घालू नये, आणि पंपावर झाकणाजवळ थेंब सांडला की तो तिथेच पुसून काढावा.