‘जोकर’ (२०१९) : खलनायकाचे स्पष्टीकरण आणि समर्थन

प्रस्तावना :
इ.स. १९४० मध्ये ‘बॅटमॅन’ या चित्रकथांच्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात जोकर हा खलनायक प्रथम अवतरला. चित्रपटांत तो प्रामुख्याने नायकाचा प्रतिस्पर्धी म्हणूनच वावरला. टॉड फिलिप्स दिग्दर्शित ‘जोकर’ने मात्र बॅटमॅनला बाजूस ठेवून त्यालाच कथेच्या केंद्रस्थानी आणले. व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह आणि वाकीन फिनिक्स यांना अभिनयाचे ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाच्या नैतिक भूमिकेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वादाचे स्वरूप :
आर्थर फ्लेक हा गॉथम शहरातील भाडोत्री विदूषक व मनोरुग्ण आहे. शासकीय निधिकपातीमुळे त्याचे समुपदेशन आणि औषधे बंद होतात. पुढे तो हत्या करतो. हे गुन्ह्याचे स्पष्टीकरण की समर्थन, हा कळीचा प्रश्न होय. २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑरोरा येथे बॅटमॅनपटाच्या खेळादरम्यान झालेल्या गोळीबारात १२ जण मृत्युमुखी पडले होते. त्यांपैकी काहींच्या आप्तांनी प्रदर्शनापूर्वी निर्मितीसंस्थेला पत्र लिहून चिंता व्यक्त केली होती. त्यामुळे हा वाद केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही.

पुनर्दर्शनाचे महत्त्व :
जानेवारी २०२० मध्ये चित्रपट डीव्हीडी व ब्लू-रे स्वरूपात उपलब्ध झाला. त्यामुळे प्रेक्षकाला दृश्ये थांबवून, मागे जाऊन ताडून पाहता येऊ लागली. शेजारीण सोफी हिचा सहवास हा आर्थरचा कल्पनाविलास होता, हे उत्तरार्धात उघड होते. ते जाणून पूर्वार्ध पुन्हा पाहिल्यास आर्थरचे निवेदन अविश्वसनीय ठरते. त्याच्याविषयीच्या सहानुभूतीचीही फेरतपासणी करावी लागते.

तथापि, याच सोयीने दृश्य संदर्भापासून तोडताही येते. पायऱ्यांवरील नृत्य सुटे पाहिल्यास ते मुक्तीचा उत्सव भासते. चित्रपटात मात्र ते एका सहकाऱ्याच्या निर्घृण हत्येनंतर येते.

निष्कर्ष :
कारणे सांगणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे. ‘जोकर’ व्यवस्थेची उदासीनता दाखवतो, परंतु आर्थरच्या साक्षीवर विसंबू देत नाही. हा भेद एका दर्शनात निसटू शकतो. म्हणून वर्गात अशा चित्रपटाचे अध्यापन करताना निवडक दृश्यांऐवजी संपूर्ण कलाकृतीचे पुनर्दर्शन घडवणे आवश्यक ठरते.