चाप किती जड असावा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत 'चाप' हा आवर घालणारा शब्द आहे. उधळपट्टीला चाप लावतात, वाह्यात बोलणाऱ्याला चाप बसतो. आणि बंदुकीच्या ज्या भागावर बोट दाबले की गोळी सुटते, त्यालाही आपण चापच म्हणतो. उर्दूत त्याला लबलबी म्हणतात. शब्द कानाला गोड आहे, पण मला इथे मराठी शब्दच जास्त नेमका वाटतो. कारण चापाचे पहिले काम गोळी सोडणे हे नाही, ती अडवून धरणे हे आहे. चाप सुटण्यासाठी बोटाला जेवढा जोर लावावा लागतो, त्याला चापाचे वजन म्हणतात. शिकारी रायफलीला हे वजन किती असावे, हा जुन्या शिकाऱ्यांचा वादाचा विषय होता.

तुम्ही म्हणाल, आता शिकार कुठे राहिली? खरे आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशीची शिकार संपली आणि ते चांगलेच झाले. पण प्रश्न संपला नाही. आमच्या जऊळक्याकडे, म्हणजे वाशीम जिल्ह्यात, हरभरा आणि तूर उभी असताना शेतकरी रात्रभर जागलीला असतो. रोह्यांचा कळप आणि रानडुकरे एका रात्रीत वावर साफ करतात. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी याच कायद्याच्या कलम ११ खाली मिळू शकते. पण ती अधिकाऱ्याने लेखी आणि कारण नोंदवून द्यावी लागते. ज्याच्या हाती अशा वेळी परवान्याची बंदूक असते, त्याच्यासाठी चापाचे वजन ही गप्पांची गोष्ट नाही. अंधारात पलीकडच्या धुऱ्यावर दुसरा जागल्या बसलेला असतो.

आधी यंत्र समजून घेऊ. बंदुकीच्या आत एक ताणलेली स्प्रिंग असते. ती काडतुसावर आघात करायला टपलेली असते. तिला एका लहानशा खाचेने अडवलेले असते. आपण चाप ओढतो तेव्हा ती खाच सरकते, स्प्रिंग मोकळी होते आणि बार होतो. खाच किती खोल आहे, तिच्या कडा किती गुळगुळीत आहेत, चापाची स्प्रिंग किती ताठ आहे, यावर वजन ठरते. ते मोजणे सोपे असते. रिकाम्या बंदुकीच्या चापाला स्प्रिंगचा काटा अडकवून सरळ मागे ओढायचा आणि चाप सुटताना काटा कुठे होता ते पाहायचे. एकदा मोजून भागत नाही. चार-पाचदा मोजून सरासरी घ्यावी. बंदुकीच्या पुस्तकांत हे वजन पौंडात दिलेले असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

हलका चाप चांगला, असे पुष्कळांना वाटते. त्याचे कारण क्रीडा-नेमबाजीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या 'तीन पोझिशन' प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. या प्रकारात चापाच्या वजनाला किमान मर्यादा नाही. अनेक नेमबाज ते शंभर-दीडशे ग्रॅम किंवा त्याहूनही कमी ठेवतात. म्हणजे दोन-तीन लिंबांचा भार! पण सगळ्याच प्रकारांत अशी मोकळीक नसते. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला १५०० ग्रॅम वजन लागतेच. स्पर्धेत ते तपासतात. नळी आभाळाकडे करून चापाला ठरलेले वजन लावतात आणि बंदूक वर उचलतात. वजन अधांतरी लटकले तरी चाप सुटता कामा नये.

हलक्या चापाचा फायदा साध्या हिशेबाने कळतो. रायफल साधारण एक मीटर लांब धरा. दस्ता स्थिर राहिला आणि चाप ओढताना नळीचे तोंड फक्त एक मिलिमीटर हलले, तरी शंभर मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर बाजूला जाते. रायफलीचे वजन तीन-साडेतीन किलो आणि चाप ओढायलाही तेवढाच जोर लागत असेल, तर बोटाबरोबर सगळी रायफल हलणारच. म्हणून चापाचे वजन बंदुकीच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी असलेले बरे.

मग शंभर ग्रॅमचा चाप रानात का नको? नेमबाजाच्या हाती वेळ असतो, खाली सपाट जमीन असते, समोर कागदाचे लक्ष्य असते आणि मागे मातीचा बांध असतो. गोळी भरलेली रायफल घेऊन तो काटेरी कुंपण ओलांडत नाही. रानात पौष महिन्याच्या थंडीने बोटे बधिर झालेली असतात. जनावर दिसले की छाती धडधडते, हात थरथरतो. भ्यालेल्या, गारठलेल्या बोटाला शंभर ग्रॅम कळतच नाहीत. बोट चापाला नुसते लागले की बार होतो, नेम लागण्याआधीच. मग रोही पोटात गोळी घेऊन चार शेते ओलांडते आणि कुठल्या तरी नाल्यात दोन दिवस तडफडते. किंवा गोळी तिसऱ्याच दिशेला जाते. गेलेली गोळी कोणालाही परत बोलावता आलेली नाही.

दुसरे टोक सैन्याचे. पोलिसांच्या हातात आपण वर्षानुवर्षे पाहिलेली थ्री नॉट थ्री रायफल घ्या. तिचा चाप दोन टप्प्यांत ओढावा लागतो. पहिल्या टप्प्याला तीन ते चार पौंड आणि दुसऱ्या टप्प्याला पाच ते सहा पौंड, म्हणजे शेवटी अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. दमलेल्या, घाबरलेल्या शिपायाकडून चुकून बार होऊ नये, म्हणून तो मुद्दाम जड ठेवलेला आहे. सुरक्षिततेला तो चांगला, पण बारीक नेमाला अवघड.

शिकारी रायफलीची जागा या दोन टोकांच्या मधे आहे. जाणत्यांचा कल साधारण अडीच ते चार पौंडांकडे, म्हणजे सव्वा-एक किलो ते पावणेदोन किलोच्या दरम्यान असतो. बसून, टेकण घेऊन, दूरवर नेम धरायचा असेल तर खालची बाजू. पायी फिरताना, जनावर अंगावर येण्याचा धोका असेल तर वरची. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या काही शिकारी रायफलींना दोन चाप असतात. मागचा ओढला की पुढचा एकदम हलका होतो. युक्ती छान आहे, पण बेत बदलला तर हलका झालेला चाप आधी पूर्ववत करावा लागतो. हे विसरणारा माणूस बरोबर असला की सगळ्यांच्याच जिवाला घोर.

वजनाइतकाच चापाचा स्वभावही महत्त्वाचा. वाळलेली तुराटी मोडून पाहा. जोर वाढत जातो आणि एका क्षणी ती कट्कन मोडते. ओली पऱ्हाटी मात्र वाकते, पिळवटते आणि नेमकी कधी तुटेल ते कळत नाही. चाप तुराटीसारखा असावा. दीड किलोचा स्वच्छ सुटणारा चाप हा एक किलोच्या घासत, अडखळत येणाऱ्या चापापेक्षा हाताला हलका वाटतो. म्हणून चाप जड लागतो अशी तक्रार असेल, तर आधी आतली धूळ आणि वाळून चिकट झालेले तेल पाहावे.

जुन्या बंदुकीत उलटा धोका असतो. शेतरक्षणाच्या परवान्यावर बहुधा ठासणीची किंवा गुळगुळीत नळीची बंदूक असते, तीही आजोबांच्या वेळची. तिची खाच झिजलेली असते. चाप 'लोण्यासारखा' चालतो म्हणून मालक खूश असतो. खरे तर ती बंदूक दगडावर आपटली तरी उडेल अशा अवस्थेला आलेली असते. नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, घोडा चढवून, दस्ता जमिनीवर हलकेच ठोकून पाहावा. घोडा आपोआप पडला, तर ती बंदूक भरू नये. घरी कानस घेऊन बसू नये. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. तो असलेल्या कारागिराकडेच जावे.

तर निवड कशी करायची? निवांत दुपारी बोटाला आवडणारे वजन घेऊ नका. थंडीत, अंधारात, धडधडत्या छातीने चापावर टेकलेले बोट तुम्हाला स्पष्ट जाणवले पाहिजे. त्या अवस्थेत जाणवणारे कमीत कमी वजन तुमचे. त्या दीड किलोच्या ओढीत माणसाला एक क्षण जास्त मिळतो. समोर हलते आहे ते डुक्कर आहे की घोंगडी पांघरलेला शेजारी, हे त्या क्षणात पाहता येते. पाहून बोट मागे घेता आले, तर चापाने आपले काम केले.