ऑप्टिकल ड्राइव्ह घेताना : आयडीई, साटा की यूएसबी?

आज आपण अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहोत जी नव्या कॉम्प्युटरमधून जवळजवळ नाहीशी झालीय : सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह. तुम्ही म्हणाल, आता कशाला? पण जरा आपापल्या घरातलं कपाट आठवा. लग्नाची सीडी, बारशाचं शूटिंग, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो. हे सगळं बहुतेक वेळा रायटरवर लिहिलेल्या सीडीत असतं. अशा सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू खराब होतो. म्हणजे घाई आहे. ड्राइव्ह घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो : आयडीई, साटा की यूएसबी?

हा प्रश्न इंटरफेसचा आहे. इंटरफेस म्हणजे ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर यांच्यातला रस्ता. पुष्कळांना वाटतं, रस्ता जितका रुंद तितकी सीडी वेगाने वाचली जाणार. आपण हिशेबच करू.

सीडीचा मूळ वेग, ज्याला १एक्स म्हणतात, तो सेकंदाला १५० किलोबाइट. म्हणजे ५२एक्सचा ड्राइव्ह साधारण ७.८ मेगाबाइट देतो, तेही फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेजवळ. डीव्हीडी १६एक्सला साधारण २२ मेगाबाइट. ही झाली गाडी. आता रस्ते बघा. आयडीईचा यूडीएमए-३३ हा प्रकार सेकंदाला ३३ मेगाबाइट नेतो. साटाची पहिली पिढी १५०. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३०-३५च्या आसपास हाती लागतात. थोडक्यात, डीव्हीडीपर्यंत यातला कुठलाच रस्ता अरुंद नाही. बैलगाडी एक्सप्रेस वेवर आणली म्हणून बैल जोरात धावत नाहीत! अपवाद ब्लू-रेचा. तिचा १एक्सच ४.५ मेगाबाइटचा, १६एक्सला ७२. तिथे यूएसबी २.० कमी पडतं. साटा किंवा यूएसबी ३.० हवं.

दुसरी गंमत अशी, की रस्ते वेगळे असले तरी भाषा एकच आहे. पूर्वी महागड्या ड्राइव्हना स्कझी इंटरफेस असायचा. त्याच्याच आज्ञा पाकिटात घालून आयडीईच्या केबलवरून पाठवायच्या, ही युक्ती म्हणजे अ‍ॅटॅपी. साटा आणि यूएसबीवरही मूळ आज्ञा त्याच. म्हणून इंटरफेस बदलल्याने खराब सीडी चांगली वाचली जाईल, ही आशा धरू नका. ते काम लेसरचं आणि ड्राइव्हच्या यंत्रणेचं.

मग निवडायचं कसं? आपल्याकडे कुठलं मशीन आहे, त्यावरून.

जुना डेस्कटॉप असेल, आत ४० पिनांची रुंद चपटी केबल असेल, तर आयडीई. एका केबलवर दोन उपकरणं बसतात. एकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह करायला मागे छोटा जंपर असतो. दोन्ही मास्टर ठेवली तर कॉम्प्युटरला नीट दिसत नाहीत. हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह शक्यतो वेगळ्या केबलवर ठेवा, कारण एका केबलवर एका वेळी एकच बोलतो. पण आता नव्याने आयडीई ड्राइव्ह घेऊ नका. इंटेलने २००६ सालच्या आयसीएच-८ चिपमधूनच आयडीई काढून टाकलं. उद्या मशीन बदललं की ड्राइव्ह अडगळीत.

डेस्कटॉप त्यानंतरचा आणि पुढे ड्राइव्हची जागा असेल, तर साटा. बारीक केबल, जंपरची कटकट नाही, पूर्ण आकाराचा ड्राइव्ह बसतो. शेकड्याने सीडी उतरवायच्या असतील तर हाच घ्या.

लॅपटॉप असेल, किंवा घरात दोन-तीन मशीन असतील, तर यूएसबी. त्या पातळ डबीच्या आत बहुधा लॅपटॉपचा साटा ड्राइव्हच असतो, सोबत भाषांतर करणारी एक चिप. वेग कमी, साधारण सीडीला २४एक्स, डीव्हीडीला ८एक्स. आपल्या कामाला पुरे. अडचण येते ती विजेची. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पिअर द्यायला बांधील असतं आणि सीडी फिरायला लागताना तेवढी कधी कधी पुरत नाही. ड्राइव्ह टिकटिक करतो, बंद पडतो आणि आपण सीडीला दोष देतो! अशा वेळी थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, बिनविजेच्या हबला नको. दोन तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

आता मुख्य गोष्ट. एखादी सीडी एका ड्राइव्हवर वाचली गेली नाही, तर फेकू नका. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, वेग कमी करून बघा, मग दुसऱ्या ड्राइव्हवर लावा. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला पुष्कळदा दिसतं. माहिती हाती आली की दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

तेव्हा इंटरफेस ठरवायला पाच मिनिटं पुरेत. कॉम्प्युटर बघा, जागा बघा, ड्राइव्ह घ्या. पण कपाटातल्या सीडी उतरवायला आजच बसा. ड्राइव्ह पुढच्या वर्षीही मिळेल; बारशाचं शूटिंग मिळेलच असं नाही.