विलिंग्ज गल्लीतील चर्च

फिलाडेल्फिया नगरातील ज्या राज्यगृहात 4 जुलै 1776 रोजी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, ते पाहावयास लोक दुरून येतात. तेथून थोड्याच अंतरावर विलिंग्ज नावाच्या अरुंद गल्लीत संत जोसेफचे चर्च आहे. तिकडे मात्र थोड्यांचेच पाय वळतात.

येशूसंघीय फादर जोसेफ ग्रीटन यांनी हे चर्च 1733 मध्ये स्थापिले, तेव्हा राज्यगृहाचे बांधकाम नुकतेच सुरू झाले होते. इंग्लंडच्या कायद्याने मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूस जन्मठेप सांगितली होती, आणि पेनसिल्व्हेनिया ही तर इंग्रजांचीच वसाहत! 1734 च्या जुलैत प्रांताधिकारी गॉर्डन यांनी याच कायद्याकडे बोट दाखवून सल्लागार मंडळापुढे हरकत घेतली. मूठभर कॅथलिकांनी आधार घेतला तो विल्यम पेन यांच्या 1701 च्या सनदेचा. एक सर्वसमर्थ देव मानणाऱ्या कोणासही त्याच्या उपासनेबद्दल छळू नये, असे अभिवचन तीत होते. पेन स्वतः क्वेकर पंथाचे होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. मंडळाने चर्चला हात लावला नाही.

पुढे 1816 मध्ये राज्यगृहच विक्रीस निघाले. नगराने 70,000 डॉलर मोजून ते राखले. गल्लीतील मूळ वास्तू उरली नाही, सध्याची 1839 ची आहे. तीत मिस्सा आजही होते.