फोनच्या पोटातला मोडेम

जुलै २०१८चा पाऊस सांडोरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. वसईत पाणी भरलं, वीज गेली. वीज गेली की घरातलं वायफायचं खोकं मुकं होतं. पण लॅपटॉपला बॅटरी असते, फोनलाही असते, टॉवरही बहुधा काही तास बॅटरीवर तग धरतो. नातीच्या परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस असेल, तर या तिघांवर निभावतं.

मोडेम म्हणजे मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा हे यंत्र संगणकाचे आकडे आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेतून पाठवायचं. ती किरकिर आठवते ना? आज तेच काम फोनमधली चिप रेडिओलहरींवर करते. फोन लॅपटॉपला एक खासगी पत्ता देतो, त्याचा टपाल स्वतःच्या नावावर पाठवतो, आणि आलेलं उत्तर कोणाचं याची नोंदही ठेवतो. बाहेरच्या जगाला लॅपटॉप दिसतच नाही! तत्त्वज्ञानवाल्याला यात मौज वाटते, ते असो.

वीज नसताना हॉटस्पॉटपेक्षा वायर बरी, असं माझं मत. हॉटस्पॉट फोनची बॅटरी खातो. वायरीने फोन लॅपटॉपवर थोडाफार चार्ज होत राहतो. सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं, बस्स. मात्र लॅपटॉपला वाटतं हे घरचंच ब्रॉडबँड, आणि तो अपडेट ओढायला लागतो. दिवसाचा डेटा फस्त, फॉर्म अर्धवट! म्हणून विंडोजमध्ये त्या जोडणीला आधी ‘मीटर्ड’ करून ठेवा.